सोळा थेंब की एकवीस? नर्सिंगच्या पोस्टिंगमधला मोबाईल : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी एका नर्सिंग स्कूलमध्ये ट्युटर आहे. स्कूल खान्देशातलं; गावाचं नाव देत नाही, कारण ते दिलं की पुढची सगळी माणसं ओळखू येतील. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला मिडवायफरी (बाळंतपणाची शुश्रूषा) आणि कम्युनिटी हेल्थ हे विषय असतात. त्यांची पोस्टिंग, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष कामावर शिकणं, आम्ही नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागात लावतो. एक ग्रामीण रुग्णालय आणि सातपुड्यातली तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं. सगळ्यात लांबचं केंद्र एसटीने चार तासांवर, त्यातला शेवटचा तास घाटाचा.

त्या वर्षी तुकडीत २८ जण होते. तीन मुलगे होते, पण स्टाफ सगळ्यांना ‘पोरी’च म्हणतो, तर इथेही तसंच म्हणते. काही पारोळा-अमळनेरकडच्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. काही रावेर-यावलच्या. पाच-सहा जणी धडगाव-तळोद्याकडच्या, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या. पुस्तकं इंग्रजीत, वर्गात शिकवणं मराठी-इंग्रजी खिचडीत, आणि पेशंट ज्याच्या त्याच्या बोलीत. कागदावर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो. स्कूलमध्ये ते जमतंही. पण चार ठिकाणी विखुरलेल्या पोरींमागे आम्ही दोघीच होतो, आणि एकेका ठिकाणी आठवड्यातून एकदा जाणं झालं तरी पुष्कळ.

वॉर्डात मोबाईलला पूर्ण बंदी होती. म्हणजे मोबाईल एप्रनच्या आतल्या खिशात असायचा आणि पोरी तो बाथरूममध्ये जाऊन बघायच्या.

अडचण

प्रकरण सुरू झालं एका तक्रारीने. ग्रामीण रुग्णालयाच्या इन्चार्ज सिस्टरचा फोन आला: तुमची पोरगी ड्युटीवर बाथरूममध्ये बसून मोबाईलवर खेळत होती, तिला परत घेऊन जा.

मी गेले. पोरगी रडून रडून लाल झालेली. मोबाईल दाखव म्हटलं तर शोधपट्टीत ‘मॅगसल्फ ५० टक्के किती अँप्युल’ असं टाकलेलं. झटक्याची शंका असलेली बाई आली होती आणि सिस्टरने हिला मॅगसल्फचा (झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट) पहिला डोस भरायला घ्यायला सांगितलं होतं. दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम द्यायचं हे तिला पाठ होतं. पण हातातल्या अँप्युलवर २ मिली लिहिलेलं, आणि ५० टक्के म्हणजे एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे एका बाजूला पाच, दोन्ही मिळून दहा अँप्युल, हा हिशेब तिथे उभ्या उभ्या सुटेना. सिस्टरला विचारायची हिंमत नव्हती. ‘‘तिसऱ्या वर्षाला आलीस आणि एवढं येत नाही?’’ हे वाक्य आदल्याच दिवशी ऐकून झालं होतं.

इंजेक्शन शेवटी सिस्टरनेच भरलं. पेशंटला काही त्रास झाला नाही. पण परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माहिती त्या पोरीच्या खिशात होती, माहितगार माणूस तिच्यापासून चार पावलांवर होतं, आणि तिने दोघांपासून लपायला बाथरूम गाठलं. मग इतर केंद्रांवरच्या पोरींना एकेकटीला गाठून विचारलं. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. प्रश्न पडतो तेव्हा विचारायला कोणी नाही. विचारता येतं तेव्हा प्रश्न विसरलेला असतो.

पर्याय

पहिला पर्याय बंदी आणखी कडक करण्याचा. प्राचार्यांचा कल तिकडेच होता आणि त्यात चूक काही नव्हती. नातेवाइकांना वॉर्डात मोबाईल हातात घेतलेली नर्स म्हणजे टाइमपास करणारी नर्स वाटते. शिवाय मोबाईल हा जंतूंचा चालता-फिरता गठ्ठा.

दुसरा, प्रत्येक केंद्रावर स्कूलचा एक टॅब. याला पैसे नव्हते. आणि टॅबचं नाव काढल्यावर एका केंद्रावरच्या एएनएमताई (बाळंतपणं करणारी आरोग्यसेविका) हसल्याच. त्यांच्याकडे गरोदर मातांच्या नोंदींसाठी ‘अनमोल’चा टॅब आहेच. ‘‘मॅडम, रजिस्टर पण भरा, टॅब पण भरा, आणि वेळ उरला तर बाळंतपण करा.’’ त्यांच्या दारात आणखी एक यंत्र घेऊन जायची माझी इच्छा तिथेच संपली.

तिसरा, तयार ॲप. फुकटातली बरीच निघाली, बहुतेक परदेशी. औषधं, डोस, सलाईनच्या थेंबांचा हिशेब, सगळं एका बोटावर. हा पर्याय मला सगळ्यात आवडला होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

चौथा, व्हॉट्सॲप ग्रुप. तो तर आधीपासून होताच, ‘जीएनएम थर्ड इयर’ नावाचा, गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलेला.

आम्ही तिसरा आणि चौथा मिळून एक मिसळ केली. बंदी उठवून घेण्यासाठी प्राचार्य, मेट्रन आणि वैद्यकीय अधिकारी यांच्याकडे तीन चकरा झाल्या. परवानगी एका पोस्टिंगपुरती मिळाली.

काय केलं

मोबाईल नर्सिंग स्टेशनवर, पारदर्शक झिपच्या पिशवीत. पिशवी ड्युटीच्या आधी आणि नंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसायची. मोबाईलला हात लागला की पेशंटला हात लावण्याआधी हँडरब. पेशंटसमोर बघायची वेळ आलीच तर आधी तोंडाने सांगायचं: ‘‘मावशी, तुमच्या औषधाचंच बघतेय.’’ हे शेवटचं एका नातेवाइकामुळे घातलं. एक सासूबाई मोठ्याने म्हणाल्या होत्या, ‘‘हाई पोर मोबाईलमा काय देखी राहिनी?’’ आणि सगळा वॉर्ड वळून बघायला लागला होता.

एक फोल्डर केला, नेटशिवाय उघडणारा. प्रोसिजरच्या पायऱ्या, औषधांचे हिशेब, धोक्याची लक्षणं. सगळं आम्ही दोघींनी मराठीत लिहून त्याची पीडीएफ केली. आकार मुद्दाम लहान ठेवला, कारण पोरींच्या मोबाईलमध्ये जागा नसते. जी असते तिच्यात मामेभावाच्या लग्नाचे व्हिडिओ असतात.

रोज संध्याकाळी एक तास आमच्यापैकी एकजण फोनवर बसणार, असं ठरवलं. वेळ ठेवली रात्री साडेआठ ते साडेनऊ. पोरी जेवून मोकळ्या, आम्हीही मोकळ्या.

पहिल्याच आठवड्यात इथे चूक कळली. सगळ्यात लांबच्या केंद्रावर रेंज फक्त एका चिंचेखाली यायची. गावात तिला ‘रेंजची चिंच’ असंच म्हणायचे. ती क्वार्टरपासून पाच मिनिटांवर, ओढ्याच्या पलीकडे. पोरी रात्री अंधारात टॉर्च लावून तिथे जाऊन मला मिडवायफरी विचारत होत्या. एकीच्या बोलण्यात मागे कुत्री भुंकताना ऐकू आली म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. वेळ त्याच दिवशी बदलली: साडेपाच ते साडेसहा. ड्युटी सुटते आणि उजेड असतो. नकाशावर केंद्र, रस्ता, टॉवर सगळं बघितलं होतं. पोरगी फोन कुठे उभी राहून करणार हे बघितलं नव्हतं.

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. एका पोरीचा ग्रुपवर कधी मेसेजच नसायचा. मला वाटलं आळशी. तिच्याकडे बटणांचा मोबाईल होता. घरचा स्मार्टफोन एकच, तो ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या भावाकडे. फोल्डर ती मैत्रिणीच्या मोबाईलमधून वहीत उतरवून घेत होती, आणि तिची ती वही आमच्या पीडीएफपेक्षा चांगली होती. स्कूलच्या ऑफिसात पडून असलेला एक जुना हँडसेट तिला दिला. पण हे आम्ही पहिल्या दिवशीच, सगळ्यांसमोर न विचारता, चिठ्ठीवर लिहून घ्यायला हवं होतं.

पावरी बोलणाऱ्या पोरींकडून गरोदर बाईला विचारायचे प्रश्न रेकॉर्ड करून घेतले होते. पायाला सूज आहे का, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बाळ हलतं का. कल्पना अशी की ज्यांना पावरी येत नाही त्या क्लिप लावतील. पोस्टिंग होळीच्या आसपासची; गुजरातेतून परतलेल्या बाया याच दिवसांत तपासणीला येतात, बऱ्याच जणींकडे माता-बाल संरक्षण कार्डही नसतं. क्लिप लावली की बाया आधी हसायच्या आणि मग मोबाईलकडे बघून भराभरा उत्तर द्यायच्या. लांबलचक, रंगवून. आणि अमळनेरची पोरगी तोंड उघडं टाकून बसायची, कारण प्रश्न पावरीत गेला तरी उत्तरही पावरीतच येणार हे आम्हा शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मग सगळे प्रश्न हो-नाहीत उत्तर येईल असे पुन्हा रेकॉर्ड केले. उत्तर ‘हो’ आलं की आशाताईंना हाक मारायची.

प्रोसिजरच्या नोंदी गूगल फॉर्मवर घ्यायचा प्रयोगही झाला. शेवटच्या रात्री साडेअकराला सगळ्यांनी तीन आठवड्यांचे फॉर्म भरले. तो बंद केला. सिस्टरच्या सहीची कागदी केसबुक बरी.

सोळा की एकवीस

आता ते ॲप. ग्रामीण रुग्णालयाच्या महिला वॉर्डात जुलाबाची पेशंट. ऑर्डर: आरएल (एक प्रकारचं सलाईन) ५०० मिली, आठ तासांत. पोरीने ॲपमध्ये आकडे टाकले, मिनिटाला १६ थेंब आले. सिस्टर म्हणाल्या २१. पोरगी म्हणाली मोबाईल सोळा सांगतोय. सिस्टर म्हणाल्या मग मोबाईललाच ड्युटीवर ठेव.

दोघींचं गणित बरोबर होतं. ॲपने एका मिलीचे १५ थेंब धरले होते. वॉर्डातला सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलीला २० थेंबांचा होता. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे २०.८, एकवीस. सोळाने सोडली असती तर आठ तासांची बाटली जवळपास साडेदहा तास चालली असती. या पेशंटला त्याने फार बिघडलं नसतं. पण तोच हिशेब कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या ड्रिपला लावला असता तर?

इथे मी दोन दिवस अडले. ॲप काढून टाकायचं, की ॲपमध्ये २० थेंबांची सेटिंग करून द्यायची? सेटिंग करून दिली तर पुढच्या वेळी पुरवठ्यात १५ चा सेट आला की पुन्हा तोच घोळ, फक्त उलट्या बाजूने: बाटली वेळेआधी संपणार. काढून टाकलं तर पोरी बाथरूममध्ये दुसरं उघडणार. शेवटी ॲप राहू दिलं, पण क्रम ठरवून दिला. आधी सेटचं पाकीट बघायचं, एका मिलीला किती थेंब ते त्यावर छापलेलं असतं. तो आकडा सिस्टरना मोठ्याने सांगायचा. मग वहीवर हिशेब. मग ॲप. बारीक थेंबांचा मायक्रोड्रिप सेट मिलीला ६० थेंबांचा असतो, तिथे ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब, म्हणून ॲपची गरजच नाही. मोठ्याने सांगण्याचा फायदा असा झाला की सिस्टरही पाकीट बघायला लागल्या. त्या इन्चार्ज सिस्टरनेच नंतर २० थेंबांचं एक रिकामं पाकीट नर्सिंग स्टेशनच्या काचेखाली सरकवून ठेवलं.

रेषा ओलांडली

एका रात्री पहिलटकरीण दाखल झाली. हे केंद्र रस्त्यालगतचं, रेंज चांगली. पोरीने पार्टोग्राफ (गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं आणि बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा आलेख) काढायला घेतला आणि नऊ वाजता मला फोटो पाठवला, नाव-गाव झाकून. तिने तीन सेंटिमीटरवरच पहिला ठिपका टाकला होता. मी सांगितलं, केंद्रावर असलेल्या सोप्या पार्टोग्राफवर चारच्या आत काही लिहायचं नाही. चार किंवा पुढे गेल्यावर पहिला ठिपका अलर्ट लाइनवर, म्हणजे इशाऱ्याच्या रेषेवर, येतो. एक वाजता पाच सेंटिमीटर. ठिपका रेषेवर, बरोबर.

पहाटे पाच दहाला फोन. ‘‘मॅडम, सहाच सेंटिमीटर. रेषा ओलांडली.’’

तासाला एक सेंटिमीटरच्या हिशेबाने नऊ व्हायला हवं होतं. अशा वेळी प्राथमिक केंद्रातून बाईला वर पाठवायची तयारी करायची असते. माझ्या तोंडावर पुढचे चार प्रश्न आले होते: कळा किती, बाळाचे ठोके किती, पाणी कसं आहे, बीपी किती. पण विचारलं वेगळंच. ‘‘सिस्टरना दाखवलंस?’’

‘‘त्या आत्ताच जरा टेकल्यात.’’

‘‘आधी त्यांना उठव. कागद हातात दे. मग वाटलं तर मला फोन कर.’’

तिने फोन ठेवला. पुढचा अर्धा तास मी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून ते उकळून आटेपर्यंत उभी होते. त्या सिस्टर म्हणजे केंद्रावरच्या एएनएमताई; त्यांनी कागद बघितला, बाईला पुन्हा तपासलं, डॉक्टरांना उठवलं, १०८ बोलावली. सिझेरियन झालं, आई आणि बाळ दोघं ठीक.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला निर्णायक क्षण हाच. मी फोनवर ते चार प्रश्न विचारत बसले असते तर पोरीला वाटलं असतं की मॅडम बघतायत. आणि मॅडम तर तिथे नव्हत्याच. बाथरूममध्ये बसून शोधणं आणि मला फोन लावणं यांत अंतर फार नाही. दोन्हींत शेजारचा माणूस टाळता येतो. म्हणून नंतर संध्याकाळच्या तासालाही पहिला प्रश्न तोच केला: ‘‘तिथे कोणाला विचारलंस?’’

तो फोटो

हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं शिबिर होतं. एका पोरीने ग्रुपवर रजिस्टरचा फोटो टाकून विचारलं, ‘‘मॅडम, सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह म्हणजे हिला आजार आहे का?’’ प्रश्न उत्तम होता. सोल्युबिलिटी ही चाळणी चाचणी. तिच्यावरून वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. मी हे सगळं नीट टाइप करून पाठवलं. शिक्षिका म्हणून खूष झाले. फोटोत पाच बायांची नावं, वय, गाव दिसतंय हे माझ्या लक्षात वीस मिनिटांनी आलं. डिलीट करायला लावला. तोवर तो २८ मोबाईलांत गेला होता आणि बऱ्याच गॅलऱ्यांमध्ये आपोआप सेव्हही झाला होता.

तुकडीतली एक पोरगी त्यातल्याच एका गावची. यादीतल्या एका मुलीची सोयरीक चालू होती. पोरीने आईला फोनवर सांगितलं, काळजीपोटीच. दोन दिवसांत मुलाकडचे केंद्राच्या दारात.

वैद्यकीय अधिकारी, एएनएमताई आणि मी, आम्ही दोन्ही घरांत जाऊन बसलो. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो; दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक; म्हणून मुलाचीही तपासणी करा. हे सगळं सांगितलं. मुलाकडच्यांनी ऐकून घेतलं, चहा घेतला नाही. मुलगी वाहकच निघाली, पण तो रिपोर्ट यायच्या आत सोयरीक मोडली होती.

एचआयव्ही असलेल्याचं नाव कुठे सांगायचं नसतं, २०१७ चा कायदा आहे, हे या पोरींना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. सिकलसेलचं नावही तसंच गुप्त ठेवायचं, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं, कारण आम्ही ते कधी सांगितलंच नव्हतं. पोरीला शिक्षा करा असा आग्रह झाला. मी लेखी दिलं की फोटोला उत्तर मी दिलंय, तेव्हा खुलासा माझा घ्या. घेतला गेला.

त्यानंतर ग्रुपवर फोटो बंद. पार्टोग्राफचा फोटो फक्त ट्युटरला, नावाच्या जागी कागदाची पट्टी ठेवून, ‘एकदाच दिसेल’ पद्धतीने. बाकी प्रश्न शब्दांत. यातून एक भलतंच चांगलं झालं. फोटो टाकता येत नाही म्हटल्यावर पोरींना केस शब्दांत मांडावी लागली: वय, कितवी खेप, काय दिसलं, काय केलं, काय अडलं.

निकाल

एका पोस्टिंगची परवानगी पुढच्या वर्षीही मिळाली. रजिस्टर आणि केसपेपर यांचे फोटो काढायचे नाहीत ही लेखी अट घालून. बाथरूमची तक्रार पुन्हा आली नाही. संध्याकाळच्या फोनवर सुरुवातीला ‘एक्लॅम्प्सियाची (गरोदरपणातल्या झटक्यांची) व्याख्या सांगा’ असे प्रश्न असायचे. शेवटच्या आठवड्यात ‘सिस्टर असं करतात, पुस्तकात तसं आहे, का?’ असे यायला लागले. दोन एएनएमताईंनी फोल्डर मागून घेतला. एका केंद्रावर मात्र काहीच जमलं नाही. तिथल्या सिस्टरना मोबाईल दिसलेलाच चालत नव्हता. तिथल्या पोरी वहीवर शिकल्या, आणि परीक्षेत कोणाच्या मागे पडल्या नाहीत.

पुन्हा करायचं झालं तर

फोटोचा नियम पहिल्या दिवशी, मोबाईलला परवानगी देण्याच्या आधी. सिस्टरना नंतर कळवण्याऐवजी आधी बोलावणं. फोल्डर त्यांच्याकडून तपासून घेतला असता तर सेटच्या थेंबांची भानगड तिथेच निघाली असती. कोणाकडे कसला फोन आहे याची गुपचूप चौकशी. रेंज कुठे येते ते स्वतः जाऊन, संध्याकाळी, पायी बघणं.

आणि ट्युटरचा वेळ. तो रोजचा एक तास आमच्या कामाच्या तासांत धरला गेला नाही, रिचार्जही आमचाच. वर बोलून बघितलं. ‘‘आपलीच मुलं आहेत, मॅडम,’’ असं उत्तर मिळालं. आहेतच, पण दोघींपैकी एक आजारी पडली की चारही केंद्रं उघडी पडतात. यंदा तिसरी ट्युटर मागितली आहे.

यंदाच्या सूचनापत्रात आमचे नंबर छापलेत, खाली वेळ: सायंकाळी ५.३० ते ६.३०. नोटीस बोर्डावर लावलेल्या प्रतीवर गेल्या वर्षीच्या कोणीतरी पेनाने पुढे जोडलंय, ‘लेबर रूम असेल तर कधीही. पण आधी सिस्टरला उठवा.’ मी ते खोडलेलं नाही.